रंग कोणाचा घेतला?

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बायका बाळाच्या गालांकडे फारसं बघत नाहीत. पहिल्या आठवड्यात बहुतेक बाळं लालबुंद दिसतात, त्यावरून काही ठरत नाही हे त्यांना ठाऊक असतं. दुपट्याची घडी जरा बाजूला सारून त्या कानाच्या पाळीची वरची कड बघतात, मग नखांची मुळं. तिथला रंग पुढे अंगभर येतो असा त्यांचा अनुभव, किंवा समज. मग निकाल लागतो. धुळ्याच्या अंगाला अहिराणीत विचारतात, 'पोऱ्या कोनावर गया?' उत्तर काय मिळणार हे पुष्कळदा ते कोण देतं यावर अवलंबून असतं. मूल उजळ निघालं तर सासू म्हणते, आमच्या घरावर गेलं. काळंसावळं निघालं तर त्याने मामाचा रंग घेतलेला असतो.

मूल बापाचं नाव लावतं, बापाचं आडनाव, बापाचं कूळ, बापाचं देवक. आईकडून जे येतं त्याला कागदावर जागा नाही. ते नाकातून, केसांतून, डोळ्यांतून आणि रंगातून घरात शिरतं. त्यातल्या नाकाची चर्चा बारशापर्यंत संपते. रंगाची लग्न ठरेपर्यंत चालते. खानदेशातल्या मिश्र घरांविषयीचे या पुस्तकातले लेख एकत्र वाचताना मला हीच गोष्ट वारंवार दिसली. दोन जाती, दोन धर्म, दोन देश एका छपराखाली आले की त्या घरातलं रंगाविषयीचं बोलणं बहुधा बाहेरून आलेल्या बाईविषयीचं बोलणं असतं. तिचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलायची ती सोय आहे.

मिश्र घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशी सून येते. खानदेशापुरतं तरी ते चित्र फार तोकडं आहे. उत्तरेतून दख्खनेत उतरायची जुनी वाट अशीरगड-बुऱ्हाणपुरावरून तापीच्या खोऱ्यात येते. या वाटेने आलेल्यांची यादी लांब आहे. आभीर होते, ज्यांच्या नावाशी अहिराणी जोडली जाते. १३८२च्या सुमारास फारुकी सुलतानांनी बस्तान बसवलं ते शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेईपर्यंत त्यांचं राज्य टिकलं, आणि थाळनेरला त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. गुजर आले, लेवा पाटीदार आले, राजपूत आले, बंजाऱ्यांचे तांडे आले. भिल्ल तर इथलेच. इतक्या वाटसरूंच्या मुलखात आपलं रक्त निर्भेळ आहे असं मानायला बरीच हिंमत लागते. ती आपल्याकडे भरपूर आहे. कोणत्याही समाजाची वधू-वर सूची चाळून बघा.

परिचय मेळाव्यात मिळणारी ही पुस्तिका म्हणजे आपल्या समाजशास्त्राचा अस्सल दस्तऐवज. एकेका पानावर सहा-आठ चेहरे. फोटोखाली जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, शेती किती एकर, त्यातली बागायत किती, आणि 'रंग'. या रकान्यात गोरा, निमगोरा आणि गव्हाळ हे तीनच शब्द आळीपाळीने फिरतात. 'सावळा' क्वचित भेटतो. 'काळा' छापलेला मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या खाली मामकुळ आणि नातेसंबंध. आईचं नुसतं पहिलं नाव, 'सौ.' लावून, पण तिच्या भावाचं नाव, आडनाव, गाव, तालुका सगळं तपशीलवार. म्हणजे आईची चौकशी होते, पण भावामार्फत होते. आणि नातेसंबंधाच्या रकान्यात दिलेली दहा-बारा आडनावं म्हणजे आमच्यात बाहेरचं कोणी आलेलं नाही याची हमी.

इथे विठ्ठल काळा, कृष्ण सावळा हा दाखला द्यायची पद्धत आहे. तो आता इतका गुळगुळीत झालाय की मी तो सोडून देतो. देवाला कोणी सून म्हणून घरात आणत नाही, एवढंच पुरे. जमिनीचं मात्र सांगायला हवं, कारण तापीकाठचा माणूस काळ्या रंगाला भुलतो तो तिथेच. काळी, खोल, भेगाळणारी कपाशीची जमीन दिसली की भाव वाढतो. पांढुरकी बरड निघाली तर बैठक उठते. तोच माणूस संध्याकाळी मुलगी बघायला जातो.

गोरेपणाच्या बाजाराबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना तो माहीत आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिच्या नावातल्या 'फेअर'च्या जागी 'ग्लो' आलं, ट्यूब तीच. 'रंग माझा वेगळा' ही मालिका सावळ्या सुनेची बाजू घेऊन घरोघर पोचली, पण नायिकेच्या भूमिकेसाठी उजळ अभिनेत्री घेऊन तिला मेकअपने सावळं करावं लागलं. यावर मी काही बोलायची गरज नाही.

भुसावळला हा विषय वेगळाच पेच घेऊन उभा राहतो, म्हणून तिथे जरा थांबू या. १८६०च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ इथवर आले, आणि नागपूरची वाट व जबलपूरची वाट इथूनच फुटली. छोट्या गावाचं जंक्शन झालं. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या असत. गोरे पुरेनात तेव्हा त्या अर्ध्या गोऱ्यांना मिळाल्या. अशी अँग्लो-इंडियन कुटुंबं भुसावळात आली. आधी त्यांना युरेशियन म्हणत. १९११च्या जनगणनेपासून अँग्लो-इंडियन हे नाव सरकारी झालं. रेल्वेची वसाहत, नाचाची इन्स्टिट्यूट, चर्च, इंग्रजी शाळा, कौलारू बंगले आणि त्यांच्या मागे नोकरांच्या खोल्या. क्वार्टर हुद्द्याप्रमाणे मिळे आणि हुद्दा बराचसा कातडीप्रमाणे. विलायतेतून आणलेला, इथेच जन्मलेला गोरा, मिश्र आणि देशी, अशी ती उतरंड होती.

घराच्या आत मात्र ही उतरंड टिकत नसे. कातडीचा रंग एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुकं मिळून तो ठरवतात, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यांची वेगळी पानं येतात. त्यामुळे एकाच आईबापांची तीन मुलं तीन रंगांची निघू शकतात. अशा घरातला उजळ भाऊ 'डोमिसाइल्ड युरोपियन', म्हणजे इथेच जन्मलेला गोरा, म्हणवून वरच्या पायरीवर सरकू शके. काळ्या भावाला ती सोय नव्हती, आणि उजळ भावाच्या दिवाणखान्यात त्याचं येणंजाणं गैरसोयीचं व्हायचं. मूळची देशी आजी कोण, कुठली, हे विचारायचं नाही हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तरी तो पाळला जाई.

अँग्लो-इंडियनांची व्याख्या राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात आहे, आणि ती शब्दशः बापाच्या बाजूची आहे. ज्याचा बाप, किंवा बापाकडून वर जाणाऱ्या रांगेतला कोणी पुरुष, युरोपीय वंशाचा आहे, जो भारतात स्थायिक आहे आणि ज्याचे आईबाप जन्मावेळी इथेच राहत होते, तो अँग्लो-इंडियन. आता हिशेब करा. भुसावळच्या एखाद्या अँग्लो-इंडियन मुलीने यावलच्या पाटलाशी लग्न केलं, तर तिची मुलं कितीही घाऱ्या डोळ्यांची निघोत, कायद्याने ती अँग्लो-इंडियन नाहीत. तिच्या भावाने इथल्याच मुलीशी लग्न केलं, तर त्याची काळीसावळी मुलं मात्र अँग्लो-इंडियन. रंग एकीकडे आणि नाव दुसरीकडे. संसदेत आणि विधानसभांत या समाजाला मिळणारी नामनियुक्त जागा जानेवारी २०२०मध्ये, १०४व्या घटनादुरुस्तीनंतर, बंद झाली. व्याख्या अजून तिथेच आहे.

१९४७ नंतर यातली बरीच घरं निघून गेली. कोणी ब्रिटनला, कोणी कॅनडाला, पुष्कळ ऑस्ट्रेलियाला. ऑस्ट्रेलियाचं गोऱ्यांपुरतं प्रवेशाचं धोरण अधिकृतपणे संपलं ते १९७३ मध्ये. त्याआधी मिश्र वंशाचा अर्जदार दिसायला पुरेसा युरोपीय आहे की नाही, हे अधिकारी बघत. कानाची कड बघणाऱ्या बायका आणि ते अधिकारी एकाच शाळेतले. पण बायकांच्या निकालाने एक भाऊ पर्थला आणि दुसरा भुसावळच्या क्वार्टरमध्ये अशी वाटणी होत नसे.

सातपुड्याच्या पायथ्याला, यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात तडवी भिल्लांची गावं आहेत. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल. परंपरेने सांगतात की बाप मुसलमान आणि आई भिल्ल अशा घरांतून हा समाज वाढला. ऐकताना ही सरळ गोष्ट वाटते, पण तिचा पुढचा भाग बघण्यासारखा आहे. धर्म बापाचा आला, आणि आजची सरकारी ओळख मात्र आईकडची. अनुसूचित जमातीचा दाखला त्यांना भिल्ल म्हणून मिळतो, कारण जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. आईची बाजू कागदावर टिकून राहिली असं हे इथलं जवळजवळ एकुलतं उदाहरण. त्याची किंमतही हे लोक मोजतात: मुसलमानांना ते पुरेसे मुसलमान वाटत नाहीत आणि इतर भिल्लांना पुरेसे भिल्ल. मिश्र माणसाला दोन्ही घरचं आमंत्रण असतं, पण पंगतीत पाट मांडताना जरा कुजबुज होते.

धुळ्याच्या विषयावर प्रस्तावना लिहिताना हात थोडा आखडतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला याच गावी वारले, आणि प्रस्तावना लिहावी तर राजवाड्यांनी. 'राधामाधवविलासचंपू'ची १९२२ची प्रस्तावना मूळ काव्यापेक्षा जास्त वाचली गेली असेल; 'महिकावतीच्या बखरी'ला त्यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेत उत्तर कोकणात कोणकोणते लोक येऊन मिसळले याची उलगड आहे. महाराष्ट्रातला माणूस आर्य आणि नाग यांच्या मिसळणीतून घडला असं त्यांनी मांडलं, आणि विवाहसंस्थेवरच्या लेखांनी तर सनातन्यांची झोप उडवली. त्यांचे निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे घेणार नाही. वर्णाभिमानही त्यांच्यात होता, आणि तो लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही. पण मिसळण झाली, ती सगळ्यांत झाली, आणि ती लग्नातून किंवा लग्नाबाहेरून झाली, हे त्यांनी १९२०च्या दशकात छापलं. जुन्या धर्मशास्त्राला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? अनुलोम आणि प्रतिलोम हे वर्गीकरणच त्यासाठी. वरच्या वर्णाचा पुरुष आणि खालची स्त्री असेल तर ते चालवून घ्यायचं. उलट असेल तर त्या संततीला सगळ्यांत खाली ढकलायचं. मिसळण थांबवता येत नव्हती. मग ती कोणत्या दिशेने व्हावी, एवढं शास्त्राने ठरवलं.

राजवाडे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२७मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीचं. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. या गृहस्थांनी १९०८मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापं केली होती, आणि वंशांची मिसळण घातक असते असं त्यावरून ठरवलं होतं. गोऱ्या माणसाची कवटी विषम असते आणि ती त्याच्या वरचढ बुद्धीची खूण, असा त्यांचा कयास होता. तो पडताळायचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या. विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असं त्यांनी लिहून दिलं, ज्या माणसाच्या सहीने पदवी मिळायची त्याच्याच मताविरुद्ध. पुढे १९३७मध्ये ऱ्हाइन प्रदेशातल्या, आफ्रिकी सैनिक बाप आणि जर्मन आई यांच्या मुलांची जर्मनीत गुपचूप नसबंदी झाली. त्या मुलांना तपासणारे तज्ज्ञ फिशरच्या संस्थेतले होते. तिथेही मुलांचा गुन्हा एवढाच की त्यांच्या रंगाने आईची निवड जगजाहीर केली होती.

इरावतीबाईंनी मोजपट्टी नंतरही खाली ठेवली नाही. वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातींची शरीरमापं घेतली. ते काम १९५१मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच नावाच्या जातीतली माणसं एकाच मुळाची असतील असं नाही, हे त्यांचं म्हणणं त्यातून पक्कं होत गेलं. मग १९६१मध्ये पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवरचं त्यांचं पुस्तक आलं. पश्चिम खानदेश म्हणजे तेव्हाचा अख्खा धुळे जिल्हा, नंदुरबार त्यातच. तो वेगळा झाला १९९८मध्ये. त्या पुस्तकात कवट्या नाहीत, घरं आहेत: कोण कोणाकडे राहतं, शेत कोणाचं, कर्ज किती. मला हा प्रवास फार महत्त्वाचा वाटतो. बर्लिनच्या प्रयोगशाळेत ज्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मिळालं, तो प्रश्नच चुकीचा होता हे त्यांनी धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घरांचा अभ्यास करून दाखवलं, अर्थात असं स्वतः कुठेही न म्हणता. त्यांच्या स्वतःच्या घरातही पुढे मिसळण झाली. मुलगी जाई हिने बॉन निंबकरांशी लग्न केलं. बॉन यांची आई एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन; लग्नानंतर ती कमला निंबकर झाली, आणि भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू करण्याचं श्रेय तिचं. फलटणला तिच्या नावाची शाळा आहे. मिश्र मराठी घरांत परदेशी आईचं नाव पाटीवर लागलेलं असं दुसरं मला चटकन आठवत नाही, आणि तेही नाव तिला इथे मिळालेलं.

गोरी सून आली तर मात्र सगळं सोपं असतं, असं वाचकाला वाटेल. होळकरांचं उदाहरण त्याला छेद देतं. होळकर हे आडनाव बापाच्या होळ गावावरून आलं, पण मल्हारराव वाढले ते मामाकडे, खानदेशातल्या तळोद्याला. त्यांच्या वंशातले तिसरे तुकोजीराव, इंदूरची गादी सोडल्यावर, सिएटलच्या नॅन्सी मिलरच्या प्रेमात पडले. तिने धर्मांतर करणं पुरेसं नव्हतं. मार्च १९२८मध्ये डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांनी नाशिकला तिला हिंदू करून घेतलं, नाव शर्मिष्ठा ठेवलं. पण धनगर समाजात लग्न लागायचं तर मुलगी धनगराची हवी. म्हणून एका धनगर कुटुंबाने तिला दत्तक घेतलं, तेव्हा कुठे लग्न लागलं. रंगाचा अडसर नव्हता, रंग उलट कौतुकाचाच. कमी होता तो बाप.

आनुवंशिकीचं सांगणंही याच वळणाचं आहे. आजचे बहुतेक सगळे भारतीय गट निदान दोन जुन्या लोकसमूहांच्या मिसळणीतून आले, आणि सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी ही मिसळण सर्वदूर चालू होती, असं २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं; त्यानंतर जातीअंतर्गत विवाहांनी दारं लावून घेतली. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकाँड्रियल डीएनए बघितला तर बहुतेक भारतीयांच्या मातृवंशाच्या रेषा इथल्याच, फार जुन्या. पुरुषांच्या रेषांत बाहेरून आलेल्यांचा वाटा जास्त. आलेले बाप आणि इथल्या आया, ही तडव्यांचीच गोष्ट, फक्त सगळ्यांची.

हल्ली वारं उलट फिरलंय. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या मुलींचं प्रमाण राज्यात सगळ्यांत खाली घसरलेल्या जिल्ह्यांत जळगाव होता. त्या आधीच्या दशकांत जन्मलेली मुलं लग्नाला आली तेव्हा समाजात मुलगी मिळेना, आणि मध्यस्थ धरून बाहेरून मुली आणणं सुरू झालं. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, त्याहून दूरवरूनही. इथे पैसा मुलाकडून जातो. भिल्ल-पावऱ्यांत देज द्यायची रीत पूर्वीपासून उघडपणे आहे आणि तिला मागास म्हणणारे आपणच. आता तोच व्यवहार आपण दाराआड करतो. अशा लग्नांच्या बातम्या येतात त्या नवरी पळून गेल्याच्या. न पळालेल्या, गेली दहा-बारा वर्षं केळीच्या बागेत राबणाऱ्या, दोन पोरांची आई झालेल्या बाईची बातमी होत नाही. मुलं शाळेत बापाचं आडनाव लावतात, अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. मामकुळाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न त्यांच्या लग्नाच्या वेळी येईल. परिचय पुस्तिका काढणाऱ्यांनी तो आत्ताच मनावर घ्यावा.

कायदा या बाबतीत संथ आहे, पण अगदी थांबलेला नाही. जात पडताळणीत पुरावे मागतात ते बापाकडच्या रक्तनात्यांचे; आजोबाचा, चुलत्याचा, आत्याचा दाखला चालतो. १८ जानेवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या रमेशभाई नाईका प्रकरणात, आई आदिवासी आणि बाप पुढारलेल्या जातीचा अशा मुलाविषयी, सांगितलं की मूल बापाच्या जातीचं हे गृहीतक अढळ नाही. मूल आईकडे, आईच्या समाजात वाढलं, त्या समाजाचे तोटे त्याने भोगले, असं दाखवता आलं तर ते खोडता येतं. म्हणजे मूल कोणासारखं दिसतं याऐवजी ते कोणाबरोबर जगलं हे विचारायची मुभा झाली. समितीसमोरच्या टेबलापर्यंत हा विचार पोचायला अजून वेळ लागतोय, असं यातून गेलेली माणसं सांगतात.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. यात कोणाचेही फोटो घातलेले नाहीत. घातले असते तर वाचक मजकूर सोडून कानाची कड बघत बसला असता. वंशावळी आईपासून वर चढत जातात, म्हणून त्या नेहमीच्या वंशावळींपेक्षा आखूड आहेत. ज्या घरांनी नाव छापायला नको म्हटलं त्यांचा फक्त तालुका दिला आहे. आईच्या आईच्या आईचं गाव बऱ्याच ठिकाणी कळू शकलं नाही. वाचकांपैकी कोणाकडे जुनी पत्रं, रेल्वेचे सेवापट, चर्चच्या नोंदी किंवा नुसती आजीने सांगितलेली आठवण असेल तर ती कळवावी. पुढच्या आवृत्तीत ती घेता येईल.